नाण्यावर काय लिहायचं नाही? (शंभर चांदीची नाणी आणि एक अडलेला ठसा)

ठसेवाला

नमस्कार मंडळी. मी काळबादेवीत ठसे कोरतो, बावीस वर्षं झाली. दिवाळीआधी लक्ष्मी-गणपतीची नाणी, बाकी वर्षभर शाळा-संस्थांची पदकं. पोटापुरतं चालतं.

या वेळी काम वेगळं आलंय. रायगड जिल्ह्यातलं एक कोकणी मुस्लिम कुटुंब, मुलगा आखातात नोकरीला. त्यांना शुद्ध चांदीची, ९९९ टंचाची, एक-एक औंसाची १०० नाणी पाडून हवी आहेत. ५० मुलाच्या निकाहात मेहेर म्हणून मुलीला द्यायची आणि ५० मुलाच्या ओळखीतल्या, इस्लामी नाणी जमवणाऱ्या मंडळींसाठी. अट एकच: "लक्ष्मीच्या नाण्यासारखं चकचकीत नको, जुन्या दिरहमसारखं दिसलं पाहिजे."

हौसेनं एका बाजूला कलमा ('अल्लाहशिवाय दुसरा देव नाही' हे इस्लामचं मूळ वचन) आणि दुसऱ्या बाजूला मशीद असा ठसा केला, शिशावर छाप घेतला आणि फोटो पाठवला. मुलाच्या मामांचा फोन आला, "भाऊ, हे काय अ आ इ ई लिहिलंय?" कोरीवकामाच्या सॉफ्टवेअरनं अरबी अक्षरं जोडलीच नव्हती. प्रत्येक अक्षर सुटं, तेही डावीकडून उजवीकडे. मला लिपी येत नाही, मला ती नक्षीसारखी सुंदरच दिसत होती.

चूक माझी, मान्य. दुरुस्त करून देतो म्हणालो, तर मामा म्हणाले, "अक्षरं जोडाल हो, पण कलमा टाकायचाच का ते आधी ठरवू." तिथं गाडी अडली आहे. जाणकारांनी सांगावं, अशा नाण्यावर काय असतं आणि काय नसतं?

जुना_हिशेब

तुमच्या चुकीला साडेबाराशे वर्षांची परंपरा आहे, मनाला लावून घेऊ नका. आठव्या शतकात इंग्लंडात मर्सियाचा राजा ऑफा यानं खलिफा अल-मन्सूरच्या हिजरी १५७ च्या सोन्याच्या दिनारची नक्कल पाडली. कोरणाऱ्याला अरबी येत नव्हतं, म्हणून मधोमध 'ऑफा रेक्स' हे राजाचं नाव अरबी मजकुराच्या मानानं चक्क उलटं बसलंय. ते नाणं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तुमचा शिशाचा छाप जपून ठेवा :)

आता मूळ प्रश्न. सुरुवातीचे अरब राज्यकर्ते इराणच्या सासानी राजांचीच चांदीची नाणी वापरत. एका बाजूला मुकुटधारी खुस्रो, दुसऱ्या बाजूला अग्निवेदी. फक्त कडेला 'बिस्मिल्लाह' घातलेलं. उमय्यद खलिफा अब्द अल-मलिकनं हे बंद केलं. हिजरी ७७ मध्ये सोन्याचा दिनार आणि ७९ मध्ये, म्हणजे इ.स. ६९८-९९ ला, चांदीचा दिरहम नव्यानं पाडला. त्यावर चित्र नाही, राजाचं नावसुद्धा नाही. मधे 'ला इलाह इल्लल्लाह वहदहू ला शरीक लहू', कडेनं 'हा दिरहम दमास्कसला (किंवा वासितला, जे गाव असेल ते) अमुक साली पाडला'. मागच्या बाजूला कुराणाच्या ११२ व्या सूरेतला, म्हणजे अध्यायातला, मजकूर. जगातली ही पहिली मोठी चलनव्यवस्था असावी जिच्यात चेहऱ्याची जागा संपूर्णपणे अक्षरांनी घेतली.

म्हणजे "जुन्या दिरहमसारखं" म्हटलं की कलमा आलाच. पण मामांची शंका रास्त आहे, तीवर संध्याकाळी लिहितो.

चिकट_प्रश्न

एक साधा प्रश्न. लक्ष्मीचं नाणं चालतं, देव्हाऱ्यात ठेवतात, कोणाला अडचण नाही. इथेच एवढा काथ्याकूट कशाला? छापा आणि मोकळे व्हा.

खाडीपलीकडे

चिकटराव, उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. लक्ष्मीचं नाणं देव्हाऱ्यात जातं, तिथून कुठे जात नाही. नाण्यातला देव पूजेला बसला की त्याची सोय झाली. आमच्याकडे नाण्याची पूजा नाही. ते कपाटात, खिशात, विमानातल्या बॅगेत, कधी मोडीला सराफाकडे जाणार. ज्यावर आयत, म्हणजे कुराणातलं वचन, आहे ती वस्तू वजूशिवाय, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे हात-पाय-तोंड धुतल्याशिवाय, हाताळू नये असं आमच्यात बरेच जण पाळतात. तशी वस्तू घेऊन संडासात जात नाहीत. आता खिशात आयतीचं नाणं असलेल्या माणसानं दिवसभर काय करायचं?

मी श्रीवर्धन भागातला आहे. आमच्या घरात माझ्या आजीला मेहेरात आलेले चांदीचे रुपये होते, राणीचे. आजी ते तांदळाच्या डब्यात ठेवायची. कोणाला काही वाटलं नाही, कारण त्यावर पवित्र असं काही नव्हतंच.

जुना_हिशेब

खाडीपलीकडे यांनी माझं अर्धं काम केलं. हाच विचार औरंगजेबानं केला होता.

अकबर, जहांगीर, शाहजहान या तिघांच्याही काळात कलमा असलेले रुपये निघाले. शाहजहानच्या नाण्यांवर तर कलम्याभोवती चार खलिफांची नावंही आहेत. सगळ्यांत कर्मठ समजला जाणारा औरंगजेब गादीवर आला आणि त्यानं नाण्यावरून कलमा काढून टाकला. कारण असं की नाणं सगळ्यांच्या हातात जातं, पायाखाली येतं, पवित्र शब्दांची विटंबना होते. त्याजागी फारसी दोन ओळी आल्या: 'सिक्का ज़द दर जहाँ चू बद्र-ए-मुनीर, शाह औरंगज़ेब आलमगीर'. तेजस्वी पूर्णचंद्रासारखं नाणं आलमगीरानं जगात पाडलं. हे चांदीसाठी. सोन्याच्या मोहरेवर चंद्राऐवजी सूर्य, 'मिह्र-ए-मुनीर'. धातूच्या रंगाप्रमाणे एक शब्द बदलला. ठसेवाले, रचनाकार म्हणून याला दाद द्या.

ठसेवाला

दाद दिली. आणि खरं सांगू का, वाचताना मला माझ्या कारखान्यातली जमीन आठवली.

शंभर नाणी पाडायची म्हणजे शंभरच पडत नाहीत. दाब कमी-जास्त होतो, चकती सरकते, दोनदा ठोकलेल्याची सावली दिसते. दहा-पंधरा नग बाद होतात. ते भट्टीत परत जातात, पण तोवर पाटावर, टेबलाखाली, कुठेही पडलेले असतात. पट्टीतून चकत्या कापल्यावरचा चुरा, घासणीची धूळ जमिनीवर पडते आणि वर्षातून एकदा झारेकरी येऊन ती झाडून घेऊन जातो. लक्ष्मीच्या बाद नाण्याला आम्ही नमस्कार करून भट्टीत टाकतो. कलम्याच्या बाद नाण्यावरून माझा पोऱ्या चप्पल घालून गेला तर? मी मामांना काय तोंड दाखवणार?

कलमा रद्द. मशिदीचं काय?

शारजा_डायरी

मशीद चालेल. इथे दुकानांत काबा, मदिनेचा हिरवा घुमट, अल-अक्सा असलेल्या चांदीच्या चकत्या सर्रास दिसतात. पण जमवणाऱ्यांच्या दृष्टीनं तो पर्यटनाचा माल आहे. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातला एक येमेनी गृहस्थ जुनी नाणी जमवतो. त्याच्या मते घुमट म्हणजे पोस्टकार्ड.

आता गंमत. त्याच्या संग्रहातला अभिमानाचा नग कोणता? ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा थेलर. अंगानं भरलेली, गळा उघडा असलेली ख्रिस्ती राणी. येमेन आणि हिजाझमध्ये (मक्का-मदिनेचा भाग) पिढ्यानपिढ्या हाच 'रियाल' म्हणून चालला. चांदी खात्रीची म्हणून. लोक तिच्या ब्रोचवरचे मोती मोजून खरं-खोटं ओळखायचे. साल कायम १७८०, कधीही पाडला तरी.

जुना_हिशेब

आणि तो आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पडलाय! दुसऱ्या महायुद्धात, १९४०-४१ मध्ये. साल अर्थात १७८०. वजन २८.०६६८ ग्रॅम. ठसेवाले, फोर्टमधली ती टांकसाळ तुमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

तेव्हा "चित्र असलं की मुसलमान नाणं घेत नाहीत" असं जे म्हणतात ते सरसकट खरं नाही. जहांगीरनं तर राशींची चित्रं असलेली नाणी पाडली, मेंढा, बैल, सिंह सगळं. पण आज कोणी *नवं* नाणं या मंडळींसाठी करणार असेल तर जिवंत प्राण्याचं चित्र टाळावं. विकत घेतलेल्या जुन्याचा दोष राजाच्या माथी जातो, नव्याचा तुमच्या.

मांजराकाठ

आमचा लातूर भाग निजामाचा. लहानपणी वडिलांच्या गल्ल्यात हाली, म्हणजे निजामाचे, रुपये बघितलेत. पोलीस ॲक्शननंतरही काही वर्षं हाली आणि कलदार (भारत सरकारचा रुपया) दोन्ही हिशेब चालायचे, बाजारात भाव सांगताना "हाली की कलदार?" विचारायचे. हाली नाण्यावर मधोमध चारमिनार. त्याच्या कमानीत एकच अक्षर, ऐन, म्हणजे उस्मान अलीखान. मीर महबूब अलीखानच्या वेळी तिथे मीम होतं.

आणखी एक गोष्ट आमच्या उर्दूच्या मास्तरांनी दाखवली होती. त्या नाण्यावर ९२ हा आकडा आहे. आम्हाला वाटायचं साल असेल. मास्तर म्हणाले, मोजा. अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला किंमत असते. मीम ४०, हे ८, परत मीम ४०, दाल ४. बेरीज ९२. मुहम्मद. पैगंबरांचं नाव नाण्यावर आहे आणि नाहीही.

ठसेवाल्यांना उपयोग होत असेल तर बघा.

ठसेवाला

मांजराकाठ, अंगावर काटा आला. मुलगी लातूरचीच आहे! मामांना आत्ता फोन करतो.

हुपरीची_पोर

मजकुराचं तुम्ही ठरवा, मी धातूचं बोलते. आमच्या घरात तीन पिढ्या चांदी.

जुना दिरहम साधारण तीन ग्रॅमचा आणि पंचवीस-सव्वीस मिलिमीटर रुंद. चांदीची घनता १०.४९. गणित करा, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर येते. पत्राच तो. एवढ्या पातळ चकतीवर उठावाचं चित्र पाडायला गेलात तर मागची बाजू खचते. म्हणून मला वाटतं त्या लोकांची अक्षरं सपाट होण्यात धर्माइतकाच धातूचाही हात असावा.

तुमचं औंसाचं नाणं ४० मिलिमीटरचं धरलं तर सरासरी २.३६ मिलिमीटर जाड येईल. उठाव भरपूर देता येईल, पण देऊ नका. जुन्यासारखं हवंय ना? व्यास वाढवा, उठाव कमी ठेवा. आणि कूफी लिपी घ्या. ताठ, कोनदार, रेघा जाड, ठशात छान बसते. नस्तालीकच्या, म्हणजे उर्दूच्या वळणदार लिपीच्या, नादी लागाल तर नुक्ते, म्हणजे अक्षरांवरचे ठिपके, मरतील. ठसा जरा झिजला की नुक्ता आधी जातो, आणि अरबीत नुक्ता गेला की 'ब' चा 'त' की 'न' ते देव जाणे.

खाडीपलीकडे

जुन्या कूफी दिरहमांवर नुक्ते जवळजवळ नसतातच. तेव्हा तो प्रश्नच मिटला.

हुपरीची_पोर

हे माहीत नव्हतं. झकास.

९९९ चांदीबद्दल अजून. ती मऊ असते, चटकन ओरखडा उठतो. चकत्या कापून कडा दाबल्यावर तापवून मऊ कराल, त्याच्या *आधी* धुलाईचा साबण पूर्ण काढा. साबणाचा अंश राहिला आणि भट्टीत भाजला गेला की महिन्या-दोन महिन्यांनी नाण्यावर दुधासारखे पांढरे डाग उठतात, असं आमचा अनुभव सांगतो. ते जात नाहीत. भल्याभल्या सरकारी टांकसाळींनाही हे डाग सुटलेले नाहीत. कॅनडाच्या टांकसाळीनं २०१८ मध्ये त्यासाठी मुद्दाम वेगळी प्रक्रिया आणली. जमवणारा माणूस डाग बघून नाक मुरडतो. मेहेरातल्या नाण्यावर डाग पडले तर सासू आयुष्यभर बोलेल, ते वेगळंच.

चिकट_प्रश्न

मी परत आलो. औंसच का? तोळ्यात का नाही?

शारजा_डायरी

कारण औंसाची चकती जगात कुठेही वजनाच्या भावानं जाते. पण त्याहून मोठं कारण मला काल समजलं.

हनफी पंथात मेहेराची किमान मर्यादा १० दिरहम. आपल्याकडचे मौलवी ती ३०.६१८ ग्रॅम चांदी धरतात. एक ट्रॉय औंस ३१.१०३५ ग्रॅम. म्हणजे एका नाण्यात किमान मेहेर बसतो आणि वर अर्धा ग्रॅम उरतो! मेहेर-ए-फातिमी, म्हणजे पैगंबरांच्या मुलीच्या नावानं ओळखला जाणारा मेहेर, ५०० दिरहम, आपल्याकडच्या हिशेबानं १३१ तोळे ३ मासे, १५३०.९ ग्रॅम. ४९ नाणी केली तर १५२४, कमी पडतात. ५० केली की १५५५. त्या मुलानं ५० नाणी उगाच नाही मागितली.

जकातीचा (मुसलमानांनी दरवर्षी द्यायच्या दानाचा) निसाब, म्हणजे ती लागू होण्याची किमान मर्यादा, हीही साडेबावन्न तोळे, ६१२.३६ ग्रॅम, म्हणजे वीस नाणी घरात आली की पार. नवरीबाईंना पुढच्या वर्षी अडीच टक्के मोजावे लागतील.

खाडीपलीकडे

हिशेब सुंदर, पण एक दुरुस्ती. आम्ही कोकणी शाफई पंथाचे. आमच्यात मेहेराला किमान मर्यादा नाही. मुलगी लातूरची असेल तर ती बहुधा हनफी. म्हणजे ५० नग ही मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांची ठेवलेली बूज आहे. हे मला फार आवडलं.

ठसेवाला

अपडेट देतो.

मामांना ९२ चा किस्सा सांगितला तर ते गप्पच झाले. मग म्हणाले, तो आकडा मुलीच्या आजोबांच्या नाण्यावर आहे, त्यांना कळेल. घ्या.

आता ठसा असा: पुढे अष्टकोनी चांदणी, दोन चौकोन एकमेकांत फिरवलेले. त्याभोवती कूफीत मुलामुलीची नावं आणि हिजरी साल. अक्षरं या वेळी सॉफ्टवेअरनं नाही, मामांच्या ओळखीच्या कातिबानं, म्हणजे सुंदर अक्षर लिहिणाऱ्यानं, कागदावर लिहून दिली. मी ती रेघेवर रेघ ठेवून कोरली, उलटी, कारण ठशात सगळं उलटंच असतं. मागच्या बाजूला 'वज़्न अशरत दराहिम', दहा दिरहमांचं वजन, आणि खाली बारीक ९२. संग्राहकांच्या ५० साठी पुढच्या बाजूला नावांऐवजी नक्षीचा पट्टा, म्हणजे ठसे तीन. कोणाला काही खटकतंय?

जुना_हिशेब

खटकतंय. तुमचं नाणं खोटं बोलतंय.

दहा दिरहम म्हणजे भारतीय हनफी हिशेबानं ३०.६१८, आखातात आणि मलेशियात चालतं त्या २.९७५ ग्रॅमच्या दिरहमनं २९.७५. तुमचं वजन ३१.१. या दोन्ही मापांनी दहा दिरहम नाही. सामान्य माणूस बघणार नाही, पण जमवणारा पहिल्यांदा वजनकाटा बाहेर काढतो, मग भिंग.

चिकट_प्रश्न

जास्तच आहे ना? मग तक्रार कोणाची?

जुना_हिशेब

मेहेरात जास्त चालतं. नाण्यावरचं वजन जास्तही चालत नाही आणि कमीही.

दुसरं, कायद्याची बाजू. भारतात नाणं पाडायचा हक्क फक्त सरकारचा, २०११ चा नाणे कायदा. तुम्ही पाडता ते कायद्याच्या भाषेत पदक. रुपये लिहायचे नाहीत, चार सिंहांचं राजचिन्ह तर मुळीच नाही. 'दिरहम' हे आज अमिराती आणि मोरोक्कोचं चलन आहे. 'दहा दिरहम' लिहिलेल्या पन्नास चकत्या घेऊन कोणी दुबईच्या विमानतळावर उतरलं तर समजावून सांगता सांगता तोंडाला फेस येईल.

शारजा_डायरी

+१. आणि ठसेवाले, आगाऊ पैसे घेतलेत का? विचारते कारण चांदी आणि पैसा यांचा व्यवहार हातोहात व्हावा, उधारी नको, असा शरियतचा नियम आहे. आज पैसे, महिन्यानं चांदी, हे बऱ्याच जणांना चालत नाही.

ठसेवाला

ते मामांनीच सोडवलं. चांदीचे दाणे त्यांनी स्वतः विकत घेऊन माझ्याकडे आणून टाकले. चांदी त्यांची, मी फक्त मजुरी घेणार. आमच्या धंद्यात ही पद्धत जुनीच, मला वेगळं काही वाटलंही नाही.

जुना_हिशेब

जुनी म्हणजे किती जुनी! मुघल काळात आणि मराठ्यांच्या टांकसाळींतही व्यापारी स्वतःची चांदी आणून द्यायचे, टांकसाळ आपली पाडणावळ कापून रुपये परत द्यायची. आणि ते मराठ्यांचे रुपयेही फारसीतच, शहा आलम बादशहाच्या नावानं, कडेला आपली खूण म्हणून अंकुश. खाडीपलीकडे यांच्या कोकणात तर विजापूरच्या अली आदिलशहाच्या लारी चालायच्या. चांदीची तार दुमडून त्यावर ठसा, केसात खोचायच्या आकड्यासारख्या. त्यावरही राजाचं नाव आणि 'लारी' हा शब्द, कलमा नाही.

ठसेवाला

शेवटचं अपडेट. उशीर झाला, माफी असावी.

'दहा दिरहम' काढलं. मुलीच्या वडिलांचंच म्हणणं पडलं, वजन लिहायचं तर आहे ते लिहा. मागच्या बाजूला आता नुसती जाळी आणि ९२. वजन आणि टंच कडेवर, ३१.१०३५ आणि ९९९. ओळीनं गोल कोरायला कॉलर, म्हणजे ठोकताना चकतीभोवती बसणारं कडं, तीन तुकड्यांची करावी लागली, त्यात आठवडा गेला.

एकूण ११३ ठोकली, १३ बाद. बाद नगांपैकी नावं असलेली सात मामांनी मोजून घेतली आणि स्वतः भट्टीपाशी उभं राहून वितळवली. तेवढं मनावर घेण्यासारखं त्यावर काही नव्हतं, पण नावं मुलामुलीची होती.

हुपरीची_पोर, साबण तीनदा धुतला. दोन महिने झाले, अजून डाग नाही.

चिकट_प्रश्न

फोटो?

ठसेवाला

नावं आहेत हो त्यावर. संग्राहकांच्या नगाचा टाकतो, मुलाला विचारून. आणि ४० मिलिमीटरच्या डब्या मुंबईत किरकोळीत कुठे मिळतात ते कोणी सांगेल का? मला ३९ च्या दिल्यात आणि एकही बंद होत नाही.